बोहारणीच्या आधी

बोहारीण साडी हातात घेते ती आधी उजेडाकडे धरते. मग दोन्ही अंगठ्यांत पदर धरून हलकेच ताणते, काठावरून नख फिरवते, घडीच्या रेषेवर कुठे चिरली आहे का ते बघते आणि मगच झाकणाचा डबा द्यायचा की नुसती गाळणी, ते ठरवते. कापडाची इतकी बारीक तपासणी पुढे मी आणखी एकाच ठिकाणी पाहिली. एका वस्तुसंग्रहालयाच्या वस्त्रविभागात.

तिथे मी पैठणी घेऊन गेले होते. मावशीचं घर रिकामं करताना ट्रंकेच्या तळाशी निघालेली. विभागातल्या बाईंनी ती टेबलावर पसरली, आधी सुलटी पाहिली, मग उलटी. जुन्या हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. नक्षीतला प्रत्येक रंग वेगळ्या तिल्लीने, म्हणजे दोऱ्याच्या बारीक कांडीने, शेजारच्या रंगात गुंतवत विणलेला असतो, त्यामुळे मागे लोंबते धागे राहत नाहीत. एवढं पाहून झाल्यावर त्यांनी प्रश्न सुरू केले. कोणाची? लग्नातली की नंतर घेतलेली? कुठल्या गावी, कोणत्या दुकानात? नेसलेल्या फोटोत दिसते का? मला एकाचंही धड उत्तर देता येईना. शेवटी त्या म्हणाल्या, "ट्रंकेत आणखी काय होतं?"

"काही नाही हो, जुनी सुती लुगडी. एकाला तर मधोमध जोड होता. बोहारणीला दिली."

त्या जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पैठण्या आहेत आमच्याकडे. दंड घातलेलं लुगडं नाही."

दंड म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. नऊवारी लुगडं सगळीकडे सारखं विरत नाही. बसताउठता, कासोट्याच्या ओढीने त्याचा मधला भाग आधी जातो, दोन्ही टोकं मात्र धड राहतात. मग तो विरलेला भाग कापून काढायचा आणि उरलेले तुकडे एकमेकांना शिवून पुन्हा एक लुगडं उभं करायचं, ते दंड घालणं. असं लुगडं नेसून चारचौघांत जायला बायका संकोचत, म्हणून ते घरात, शेतात, रात्री नेसायचं. आणखी विरलं की त्याची गोधडी व्हायची. गोधडीचं दुपटं, दुपट्याचं फडकं आणि फडक्याचं पोतेरं. शेवटी चुलीपुढची जमीन सारवता सारवता ते शेणामातीत मिळून जायचं. असल्या काटकसरीतून संग्रहालयासाठी काही उरणार कसं?

म्हणून वस्त्रांच्या दालनात आपल्याला जे दिसतं त्यावरून पूर्वीचे लोक काय नेसत होते, याचा अंदाज बांधू नये. दिसतं ते वर्षातून दोनदा नेसलेलं, लाल फडक्यात बांधून ठेवलेलं. रोजचं कापड वापरूनच संपलं. आणि भारी कापड तरी सुरक्षित होतं म्हणता? जरीत खरी चांदी असे. सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची पातळ चपटी तार रेशमाच्या धाग्यावर गुंडाळून जर करत. घराला पैशांची नड आली की पैठणीचे काठ-पदर जाळून चांदी काढून घेणारे दारात हजर असत. किती पैठण्या या वाटेने गेल्या याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

कापड टिकतं ते बहुतेक वेळा अपघाताने. महाराष्ट्रातला एक अतिशय जुना धागा असाच टिकला. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात प्रवरेकाठच्या नेवाशाला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी, ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळातल्या एका लहान मुलाच्या दफनात गळ्याशी तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तीन हजार वर्षांत मूल मातीत मिळालं होतं, पण मण्यांच्या भोकांतला दोरा शिल्लक होता. कापूस आणि रेशीम असलेला. तांबं गंजताना जे क्षार सुटतात ते जंतूंना मारतात, म्हणून कुजणाऱ्यांनी दोरा सोडून दिला. पुणे जिल्ह्यात चांदोलीला अशाच माळेत जवसाच्या खोडाच्या तंतूंचा दोरा सापडला. कोणा आईने ओवलेला असा दोरा आज आपल्या वस्त्रपरंपरेचा पुरावा आहे, आणि तो वाचला मण्यांमुळे.

दुसरी गोष्ट चिंध्यांची. कैरोजवळच्या फुस्तात या जुन्या वस्तीच्या उकिरड्यांतून गेल्या शतकाच्या सुरुवातीला छापील सुती कापडाचे तुकडे निघू लागले. तिथली कोरडी हवा त्यांना मानवली होती. पर्सी न्यूबेरी हे इजिप्तचे अभ्यासक आणि त्यांची पत्नी एसी यांनी ते कैरोच्या व्यापाऱ्यांकडून गोळा केले आणि १९४६ साली ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयाला देऊन टाकले. त्यांतले बाराशेच्या वर तुकडे भारतातले, मुख्यतः गुजरातेत ठशांनी छापलेले. कित्येक तुकडे तळहाताएवढे. काहींवर शिवण आहे, काहींवर रफू. पुढे कार्बन पद्धतीने वय काढल्यावर काही तुकडे हजार वर्षांच्या घरात गेले आणि गुजरात व लाल समुद्रामधल्या कापडव्यापाराचा इतिहास त्यांच्या आधाराने नव्याने मांडता आला. न्यूबेरी दांपत्याने स्वच्छ दिसणारे नमुने ठेवून बाकीचा कचरा फेकून दिला असता तर? एक उणीव मात्र आता कधीच भरून निघणार नाही. तुकडे बाजारातून विकत घेतलेले, त्यामुळे कुठल्या घरात, कुठल्या थरात, कशाशेजारी ते पडले होते, हे कोणाला ठाऊक नाही. माझ्या पैठणीसारखंच.

रोजच्या कापडाची सर्वांत नीट नोंद कोणी ठेवली असेल तर ती आपलं गिऱ्हाईक पळवायला आलेल्यांनी. जॉन फोर्ब्स वॉटसन हे लंडनमधल्या इंडिया म्युझियमचे प्रमुख. त्यांनी १८६६ साली भारतीय कापडाचे ७०० नमुने प्रत्यक्ष कापून १८ खंडांत चिकटवले. असे २० संच केले. त्यांतले १३ ब्रिटनमध्ये वाटले, ७ भारतात पाठवले. उद्देश सरळ होता: हिंदुस्थानातले लोक काय नेसतात, पागोटं किती लांब बांधतात, लुगड्याचा काठ कसा आवडतो हे मँचेस्टरच्या गिरण्यांना कळावं आणि तसाच माल त्यांनी तिकडून पाठवावा. म्हणून प्रत्येक नमुन्याला लांबी, रुंदी, वजन, ठिकाण यांची नोंद आहे. हेतू कितीही वाईट असो, ठिकाण आणि माप लिहून ठेवण्याची ती शिस्त आज आपल्याच उपयोगी पडते. आपल्याकडच्या अनेक हौशी संग्राहकांना ती जमली नाही.

भारतात कापडासाठी म्हणून स्वतंत्र संग्रहालय झालं ते १९४९ साली, अहमदाबादेत. गौतम साराभाई आणि त्यांच्या भगिनी गिरा साराभाई यांनी, कलेचे अभ्यासक आनंद कुमारस्वामी यांच्या सूचनेवरून, कॅलिको म्युझियम सुरू केलं. गंमत अशी की कॅलिको ही साराभाईंची गिरणी. यंत्राचं कापड काढणाऱ्या घराने हातमागाचं कापड जपायला घेतलं. पुढे १९८३ मध्ये संग्रह शाहीबागेतल्या साराभाईंच्या 'रिट्रीट' या वास्तूत गेला. तिथे आधी नाव नोंदवून मोजक्याच लोकांना प्रवेश मिळतो. मंद उजेडात डोळे सरावायला वेळ लागतो आणि उतावळा माणूस वैतागतो. त्या अंधाराचं कारण पुढे येईलच.

आपल्याकडे पुण्यात दिनकर गंगाधर केळकरांनी केलं ते कॅलिकोहून फार वेगळं. चष्म्यांच्या धंद्यातला हा माणूस, 'अज्ञातवासी' नावाने कविता करणारा. लहान वयात गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी संग्रह उभा केला आणि तो मिळवला वाड्यावाड्यांत फिरून, पत्नी कमलाबाईंच्या साथीने. काय मिळवलं? अडकित्ते, वज्र्या, दिवे, दौती, फण्या, स्वयंपाकघरातली भांडी, कपडे. २० हजारांहून जास्त वस्तू. १९७५ साली त्यांनी तो सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. ज्या काळात संग्रहालय म्हणजे मूर्ती, नाणी आणि तलवारी असं समीकरण होतं, त्या काळात अंग घासायच्या वज्रीला काचेच्या कपाटात बसवणं हे धाडस होतं. माझ्या मते मराठी मुलखातलं संग्रहालयशास्त्रातलं हे सर्वांत मोठं काम. कापडाच्या बाबतीत मात्र केळकरांची नजर अजून आपल्या घरांत पोचलेली नाही. अडकित्ता आपण आता जपतो, लुगडं देऊन टाकतो.

गिरण्यांचं तर विचारूच नका. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिली सूतगिरणी काढली, दोन वर्षांत तिचं उत्पादन सुरू झालं. त्या धंद्याचा कणा मोडला तो १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात, ज्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. यंत्रं भंगारात गेली, जमिनींवर मनोरे उभे राहिले. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या २-३ क्रमांकाच्या जागेत मुंबई महापालिकेने वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायला घेतलं आहे, ते चांगलंच. पण त्या संग्रहालयात ठेवायच्या वस्तू गिरणीच्या आवारात नाहीत, त्या लालबाग-परळच्या चाळींत, सातारा-रत्नागिरीतल्या माळ्यांवर आहेत. बदली कामगाराचं कार्ड, नंबर कोरलेला पितळी बिल्ला, दोन्ही टोकांना धातूची चोच असलेला लाकडी धोटा, ताग्यावर चिकटवायची देवादिकांची रंगीत लेबलं, युनियनची पावती, पगाराचं पाकीट. आणि त्यांच्याबरोबरचे शब्द. गिरणीत मागाला माग म्हणत नसत, साचा म्हणत. विणकर तो साचेवाला. हे शब्द बोलणारी माणसं आता उतारवयात आहेत. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या शंभर जणांच्या तोंडून ती हकिगत ऐकून २००४ साली इंग्रजीत पुस्तक केलं. तसं प्रत्येक धोट्यामागे कोणी विचारून ठेवलं तर तो धोटा बोलेल, नाहीतर तो लाकडाचा तुकडा.

समजा तुम्ही एखादी वस्तू दिलीत. पुढे तिचं काय होतं?

बहुतेकांना वाटतं, वस्तू दिली की दुसऱ्या दिवशी काचेच्या कपाटात, खाली आजीचं नाव. तसं होत नाही. आधी मिळते ती तात्पुरती पावती. वस्तू संग्रहात घ्यायची की नाही हे समिती ठरवते. घ्यायची ठरली तरी ती थेट भांडारात जात नाही. आधी काही दिवस ती वेगळी, बंद पिशवीत ठेवतात, कारण कसरीची अंडी एका लुगड्यातून शेकडो वस्त्रांत पसरू शकतात. शंका असेल आणि वस्तूला मानवणार असेल तर पिशवीसकट शून्याखाली वीस-तीस अंशांच्या शीतपेटीत आठवडा-दोन आठवडे ठेवतात. थंडीने कीड मरते, कापडाला विषारी औषध मारावं लागत नाही. मग बारीक जाळी अंथरून तिच्यावरून अगदी हलक्या ओढीच्या यंत्राने धूळ शोषून घेतात.

नंतर तिला क्रमांक मिळतो. समजा, २०२४.७.३. म्हणजे २०२४ साली आलेल्या सातव्या देणगीतली तिसरी वस्तू. हा क्रमांक कापडावर कधीच लिहीत नाहीत. धुऊन खळ काढलेल्या सुती फितीवर न फुटणाऱ्या शाईने लिहायचा आणि ती फीत उलट्या बाजूने, ठरलेल्या कोपऱ्यात, दोन-चार सैल टाक्यांनी अडकवायची. टाका धाग्यांच्या मधून जातो, धागा भोसकून नाही. मी ते पाहिलं तेव्हा मला माझ्या मावशीची आठवण झाली, ती ब्लाउजला हुक लावताना असाच श्वास रोखून धरायची.

साडी मग घडी घालून ठेवत नाहीत. आम्लरहित कागद गुंडाळलेल्या रुंद नळीवर ती सुरळी करून ठेवतात. घडी म्हणजे धाग्याचं रोजचं मोडणं. जरीची तार घडीवर आधी तुटते आणि तुटलेली तार शेजारच्या रेशमाला कापते. जुनी पैठणी उलगडताना घडीच्या रेषेवर ती सरळ कापल्यासारखी फाटलेली दिसते ती यामुळे. काळा रंग हा आणखी एक आतला शत्रू. लोखंडाचे क्षार वापरून केलेला जुना काळा रंग धाग्यालाच हळूहळू खातो. म्हणून कित्येक जुन्या कापडांत बाकी सगळे रंग जागेवर असतात आणि फक्त काळ्या रेघांच्या जागी भोकं पडलेली असतात.

आणि आता तो अंधार. उजेडाने झालेलं नुकसान भरून येत नाही आणि ते साठत जातं. आज तासभर, उद्या तासभर, सगळा हिशेब कापडाच्या खात्यावर चढतो. हळदीचा पिवळा तर फार लवकर उडतो. म्हणून वस्त्रांच्या दालनात उजेड साधारण ५० लक्सच्या आत ठेवतात, ऑफिसच्या टेबलावर असतो त्याच्या जेमतेम सहावा-आठवा हिस्सा. शिवाय एखादी साडी काही महिने मांडली की पुढे काही वर्षं तिला विश्रांती. तेव्हा "आम्ही दिलेली वस्तू कधी दिसत नाही" ही देणगीदारांची तक्रार मला समजते, पण तिच्यात दम नाही. सतत मांडून ठेवलेली साडी वीस वर्षांत विटून जाईल.

देण्याचे काही व्यवहारी मुद्देही आहेत. देणगी आणि उसनवार वेगळी. देणगी दिली की मालकी गेली, ती परत मागता येत नाही. म्हणून भावंडांना आधी विचारा. एका साडीवरून दोन बहिणींचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे. देणगीपत्रावर सही करा आणि त्याची प्रत ठेवा. "कायम मांडूनच ठेवावी" अशी अट घालू नका, कोणतंही शहाणं संग्रहालय ती मान्य करणार नाही. संग्रहालय नकोही म्हणू शकतं: तशाच दहा आहेत, जागा नाही, जपायची सोय नाही. हा नकार प्रामाणिक असतो. उलट जे संग्रहालय काहीही न विचारता सगळं ठेवून घेतं त्याच्याबद्दल सावध राहावं. भांडार दाखवता का, नोंदवही कशी ठेवता, असं विचारायला लाजू नये. संग्रहालयंही अमर नसतात. अमेरिकेतल्या लोवेल या गिरण्यांच्या गावी कापडाच्या इतिहासाचं मोठं संग्रहालय होतं, ते पैशांअभावी २०१६ साली बंद पडलं आणि त्याचा संग्रह वेगवेगळ्या संस्थांत वाटला गेला. ज्यांच्या नोंदी पक्क्या होत्या त्या वस्तूंना नवं घर मिळणं सोपं गेलं असणार, हे उघड आहे. परदेशातल्या मुलीकडे पणजीची पैठणी पाठवायचा विचार असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लक्षात ठेवा. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.

द्यायची नसेल तर घरी तरी नीट ठेवा. ड्रायक्लीनवाल्याची प्लास्टिकची पिशवी आधी काढून टाका, तिच्यात दमट हवा कोंडते. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, त्या कागदातलं आम्ल कापडात उतरतं. टाचणी, सेफ्टीपिन काढा, गंज कापड खातो. डांबरगोळ्या जरीला टेकवू नका. पूर्वीच्या बायका धुवट मलमलीत बांधून वेखंड किंवा कडुनिंबाचा वाळला पाला ठेवत, ते आजही बरं, फक्त पाला कापडाला लागू देऊ नये. दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला वारा द्या, पण सावलीत. रेशमाला कडक ऊन दाखवणं म्हणजे त्याला भाजणं. आणि दर खेपेला घडी वेगळ्या रेषेवर मोडा. संग्रहालयाला द्यायची असेल तर धुऊ नका, रफू करू नका, इस्त्री तर नकोच. हळदीकुंकवाचा डाग कोणत्या लग्नातला, हे सांगता आलं तर तो डागही दस्तऐवज.

हल्ली जुन्या पैठण्या कापून पर्स, जाकिटं शिवतात. फाटलेल्या पैठणीचं ते होऊ दे, माझी हरकत नाही. फक्त कातरी लावण्याआधी एक तुकडा राखून ठेवा: या काठापासून त्या काठापर्यंत पूर्ण रुंदीचा, पदराकडच्या दशांसकट. दोन काठांमधलं अंतर मागाची रुंदी सांगतं, दशांमधले न विणलेले धागे उभ्या ताण्याचं सूत कसलं होतं ते सांगतात.

पण सर्वांत आधी करायचं काम फुकट आहे. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईपुढे ट्रंक उघडून बसा आणि फोनवर बोलणं टिपून घ्या. हे कोणाचं, कधीचं, कुठून आणलं, घरात याला काय म्हणायचे, किती रुपयांना पडलं, कोणाच्या बारशाला नेसलं. मग एका कागदावर शिसपेन्सिलीने लिहा, शाई पसरते म्हणून शिसपेन्सिलीने, आणि तो कागद कापडाला न लावता शेजारी ठेवा. दंड घातलेलं काही निघालं तर ते बाजूला काढा. बोहारीण बहुतेक दुपारी तीनच्या सुमाराला येते.